एकोणपन्नासाव्या अक्षवृत्तावर सासूबाई

सगळा दोष टेलिफोनचा. समोरासमोर बसून वाटीभर साखर देतानाही माणूस दोनदा विचार करतो, पण टेलिफोनवर तोच माणूस राज्य वाटून मोकळा होतो. आर्डिस स्कॉगस्टाड ही तशी नॉर्थ डकोटातल्या कुठल्याही नॉर्वेजियन बाईइतकीच तोलूनमापून बोलणारी. पण त्या रविवारी आईशी बोलता बोलता ती म्हणाली, "आई, तू फक्त बागेपर्यंत ये. घर आम्ही घेऊन येतो."

तिचा नवरा व्हर्लिन तेव्हा शेजारीच बसून रूबार्बचा केक खात होता. त्याचा काटा हवेतच थांबला.

"कुठलं घर?"

"चाकं असलेलं," फोनवर हात ठेवून आर्डिस म्हणाली. "तू खा. नंतर सांगते."

हे 'नंतर सांगते' म्हणजे काय असतं ते लग्न जुनं झालेल्या माणसांना समजावून सांगायला नको. ज्यांचं लग्न नवीन आहे त्यांना सांगून उपयोग नाही.

प्रकरण असं होतं. आर्डिसची आई, बोर्गहिल्डबाई, जुलैत नव्वद पूर्ण करणार होत्या. त्या राहायच्या सीमेपलीकडे, कॅनडात, मॅनिटोबामधल्या एका गावात धाकट्या मुलीकडे, म्हणजे मार्लिसकडे. पण जन्म डकोटाचा. नव्वदावा वाढदिवस डकोटाच्या मातीवरच करायचा आणि ती रात्र डकोटातच झोपायचं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आता सीमा ओलांडायची तर पासपोर्ट हवा. त्यांच्या पासपोर्टची मुदत कधीच संपली होती, आणि नव्यासाठी फोटो काढायला हवा होता. कॅनडाच्या ओळखपत्रासाठी त्यांनी एकदा फोटो काढला होता. तो पाहून, "ही बाई मी नव्हे, ही कुणीतरी घोडे चोरणारी आहे," असं म्हणून त्यांनी उरलेल्या आयुष्यात कॅमेऱ्यापुढे उभं न राहण्याची शपथ घेतली होती. शपथ मोडणाऱ्यांचं घराणं ते नव्हे.

वाट एकच होती. टर्टल टेकड्यांवर बरोबर सीमेवर एक मोठी बाग आहे. अर्धी फुलं अमेरिकेची, अर्धी कॅनडाची. आत शिरायला दोन्ही बाजूंनी कुणी काही विचारत नाही. बाहेर पडताना मात्र ज्याचा त्याचा देश ज्याला त्याला विचारतो. आणि गाड्या लावून मुक्काम करायची जागा आहे ती अमेरिकेच्या अर्ध्यात. म्हणजे बोर्गहिल्डबाईंनी कॅनडाच्या फाटकातून आत यायचं, बागेतून इकडे यायचं, डकोटात झोपायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. फोटो नाही, शपथभंग नाही. फक्त नव्वदीच्या बाईला तंबूत कसं झोपवायचं, एवढाच प्रश्न राहिला होता आणि तो आर्डिसने टेलिफोनवर सोडवून टाकला होता.

व्हर्लिन स्कॉगस्टाड हे गावच्या शाळेतले भूगोलाचे निवृत्त मास्तर. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, उरलेली निम्मी त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना घाबरून असलेली. सासूबाईसुद्धा जावयाला 'मास्तर'च म्हणायच्या. मास्तरांना नाईल कुठून निघते ते माहीत होतं, मान्सून का फिरतो ते माहीत होतं. पण साध्या मोटारीपेक्षा लांब काही त्यांनी जन्मात चालवलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी डेलमार ऑप राहायचा. डेलमार म्हणजे सल्ल्याचं कोठार. दार कधी बंद नाही. बातमी कळल्यावर संध्याकाळपर्यंत त्याने चुलतभावाचं एक जुनं मोटरहोम आणून मास्तरांच्या दारात उभं केलं. पांढरा रंग, मधून तपकिरी पट्टा. आत बिछाना, शेगडी, टेबल, मोरी. लांबी इतकी की पुढचं टोक मास्तरांच्या अंगणात आणि मागचं टोक डेलमारच्या टोमॅटोत.

"गाडी सोन्यासारखी आहे," डेलमार म्हणाला. "फक्त हिचा गिअर उभ्या गाडीला धरत नाही. सगळी मदार हँडब्रेकवर. आणि हे चार ओंडके. ओकचे आहेत, आमच्या आजोबांच्या कोठारातले. चाकांखाली घातलेस की भूकंप झाला तरी जागची हलायची नाही."

"आणि मागे कशी घ्यायची?"

डेलमारने मास्तरांकडे दयेने पाहिलं. "मागे नाहीच घ्यायची, मास्तर. आयुष्य असं आखायचं की पुढेच जाता आलं पाहिजे."

पेट्रोल पंपावर सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींत मात्र एकवाक्यता नव्हती. एक म्हणाला, मागे घेताना चाक उलट फिरवायचं. दुसरा म्हणाला, उलट नव्हे, उलटच्या उलट. तिसऱ्याने सांगितलं की काहीही कर, पण बायकोला मागे उभी करून दिशा विचारू नकोस. त्याच्या भावाचा घटस्फोट तसाच झाला. ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात नसते.

सरावाला मास्तरांनी लुथरन चर्चचं पटांगण निवडलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. पटांगणात झाड नाही, भिंत नाही, खांब नाही. होता तो एकच फलक. 'सर्वांचे स्वागत आहे.' मास्तरांनी तो मागच्या चाकाखाली घेतला. पाद्रीबाबा धावत बाहेर आले, फलकाकडे पाहिलं, मोटरहोमकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, इतक्या जोरात स्वागत स्वीकारायची गरज नव्हती."

दुपारपर्यंत गावभर झालं. डेलमारच्या बायकोने आर्डिसला सांत्वनाचा केक आणून दिला, जणू घरात कुणी गेलंच होतं. एका परीने गेलंच होतं. मास्तरांची अब्रू.

तरीही ठरल्या दिवशी दोघं निघाले. मागे फ्रीजमध्ये बटाट्याचं आणि खिम्याचं हॉटडिश, कपड्यात गुंडाळलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्या, आणि जाळीच्या पिशवीत डझनभर लिंबं. बोर्गहिल्डबाईंना लिंबाचा केक प्राणाहून प्रिय, आणि तो आर्डिस तिथेच ताजा करणार होती.

रस्ता सरळ उत्तरेला. इतका सरळ की चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये. पण मास्तर बोलायला लागले.

"लोकांना वाटतं, ही सीमा म्हणजे बरोबर एकोणपन्नासावं अक्षवृत्त," ते आर्डिसला सांगत होते. "चूक. साफ चूक. मोजणीवाल्यांनी दगड रोवले ते कधी थोडे इकडे, कधी थोडे तिकडे. ही रेघ सरळ नाहीच मुळी. ती कुठे आहे हे खरं तर..."

"व्हर्लिन," आर्डिस म्हणाली, "बागेचं फाटक गेलं."

"थांब, मुद्दा पुरा करू दे. ती कुठे आहे हे खरं तर नीट पाहिलं पाहिजे."

त्यांनी नीट पाहिलं तेव्हा समोर कॅनडाची चौकी होती, मागे तीन गाड्या होत्या, आणि खिडकीतून एक हसतमुख अधिकारी विचारत होता, "कॅनडात किती दिवस मुक्काम?"

"मुक्काम नाही," मास्तर म्हणाले. "चुकून आलो."

"धंदा काय?"

"भूगोल शिकवायचो."

अधिकारी सभ्य होता. तो हसला नाही. फक्त त्याच्या मिशा हलल्या. त्याने चौकीला वळसा घालून परतीचा रस्ता दाखवला. पण मास्तर आतून इतके पेटले होते की येताना फाटकाकडे त्यांनी पाहिलंच नाही, आणि ते दुसऱ्यांदा हुकलं. आता समोर अमेरिकेची चौकी आली. आतून जो उंच, रुंद खांद्यांचा अधिकारी बाहेर आला तो मास्तरांना पाहून ताठ उभा राहिला.

"गुड मॉर्निंग, सर! मी डॅरिल अझ्युर. मागच्या बाकावर बसायचो. तुम्ही मला नकाशाच्या पेपरात नापास केलं होतं."

"हो का," मास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"कॅनडात किती वेळ होता, सर?"

"वळेपर्यंत."

"बरोबर काही फळं वगैरे?"

"लिंबं आहेत. आपल्याच गावच्या दुकानातली."

डॅरिलचा चेहरा पडला. "पण सर, आत्ता ती आली कुठून?"

जन्मभर ज्याने मुलांना 'नेमकं उत्तर दे, गोलमाल नको' म्हणून दटावलं, त्याला आता गोलमाल करता येईना. "कॅनडातून," मास्तर म्हणाले.

"मग ती परदेशी लिंबं झाली, सर. मला ठेवून घ्यावी लागतील." आणि डॅरिलने ती पिशवी दोन्ही हातांनी, एखादं नवजात मूल घ्यावं तशी घेतली. जाताना खाली वाकून हळूच म्हणाला, "फाटक उजव्या हाताला आहे, सर. मोठं आहे. वर फुलं आहेत."

फाटकापर्यंत आर्डिस डझनभर लिंबांची किंमत मोठ्याने मोजत होती. मास्तरांना त्या हिशेबापेक्षा फलकाचा आवाज बरा वाटला असता.

मुक्कामाची जागा बागेच्या वरच्या अंगाला, एका हलक्या उतारावर. खाली हिरवळ, हिरवळीपलीकडे पेटुनियाचा लांबलचक ताटवा, ताटव्यापलीकडे सीमेचा दगड, आणि दगडापलीकडे कॅनडाचं, करगनाच्या झुडपांचं कुंपण. मास्तर पोहोचले तर साडूभाई आधीच हजर. मार्लिसचा नवरा ओरेस्ट ह्रिंचुक हा युक्रेनियन वंशाचा, पोटाने गोल, आवाजाने मोठा. मोटारीमागे जोडलेला आपला छोटा ट्रेलर तो एका हाताने मागे घेत होता. दुसऱ्या हातात सॉसेज होतं. ट्रेलर जागेवर अचूक बसला आणि सॉसेज संपलं, दोन्ही एकाच क्षणी.

"या, मास्तर!" ओरेस्ट गरजला. "वाटेत कॅनडा बघून आलात म्हणे!"

बातमी आधीच पोहोचली होती. सीमेवर माल अडतो. बातमी अडत नाही.

मोटरहोम जागेत मागे घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या मुक्कामातली माणसं आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर आली. ससकॅचवानचा एक शेतकरी, मिनेसोटाचं एक जोडपं, एक निवृत्त नर्स, दोन कुत्री. कुणी म्हणे 'डावीकडे', कुणी म्हणे 'माझ्या डावीकडे'. मास्तरांनी घाम पुसत गाडी आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. शेवटी ती जागेत तिरकी उभी राहिली, ताटात चमचा ठेवतात तशी. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माया होती, आणि माया ही मास्तरांना अपमानाहून जास्त झोंबली. त्यांनी डेलमारचे चारही ओंडके चाकांखाली स्वतः ठोकून बसवले. निदान हे तरी चोख झालं.

मग ओरेस्टच्या मोटारीतून बोर्गहिल्डबाई उतरल्या. डोक्याला रुमाल, हातात काठी, पायात नवे पांढरे बूट. काठी टेकून त्या क्षणभर उभ्या राहिल्या.

"हेच का?"

"हो आई," मास्तर म्हणाले. "हे डकोटा."

त्यांनी बुटाने माती जराशी उकरून पाहिली, मानेवर एक डास मारला आणि म्हणाल्या, "तेच आहे." डोळ्यांत पाणी आलं असावं, पण त्यांनी ते डासाच्या नावावर खपवलं.

त्या रात्री त्या मोटरहोमच्या मागच्या बिछान्यात अशा घोरल्या की दोन्ही कुत्री भुंकायची थांबली.

दुसऱ्या दिवशी वाढदिवस. दुपार टळेपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. लिंबं नव्हती म्हणून आर्डिसने निवृत्त नर्सबाईंकडून रासबेरी मागून आणल्या आणि केक केला. मार्लिसने बटाट्याच्या सारणाची पिरोही उकडायला घेतली. ओरेस्टने शेकोटी पेटवली. सीमेपलीकडून लाकूड आणायला बंदी, त्यामुळे तो रिकाम्या हाताने आला होता. तरीही शेकोटी अशी काही ढणढण जळत होती की ससकॅचवानचा शेतकरीही उठून बघायला आला.

"काय सुकं लाकूड मिळालं हो!" ओरेस्ट हात शेकत म्हणाला. "ओक! असं लाकूड आता मिळत नाही. तुझ्या गाडीखाली कुणीतरी चार तुकडे टाकून दिले होते."

मास्तरांच्या हातातली लेफ्सा खाली पडली.

त्याच वेळी बोर्गहिल्डबाई मोटरहोममध्ये पुढे, ड्रायव्हरच्या खुर्चीत बसल्या होत्या. उंचावरून फुलं छान दिसतात म्हणून त्यांना ती जागा आवडली होती. पाय जरा लांब करावेत म्हणून खुर्ची मागे सरकवायचा दांडा त्या शोधत होत्या. एक दांडा सापडला. त्यांनी तो ओढला. तो खुर्चीचा नव्हता.

मोटरहोम निघालं. घाई नाही, गडबड नाही. एखादी म्हातारी गाय पाण्यावर जावी तसं उतारावरून खाली चाललं. मास्तर बाजूने पळत होते, दार ओढत होते, दार आतून लावलेलं होतं. मागून ओरेस्ट, त्याच्यामागे दोघी बहिणी, त्यांच्यामागे दोन कुत्री. वर काचेमागे बोर्गहिल्डबाई चाक घट्ट धरून ताठ बसल्या होत्या आणि रस्त्यात येणाऱ्यांना हाताने बाजूला व्हायला सांगत होत्या.

हिरवळ गेली. पेटुनियाचा ताटवा मधोमध चिरला गेला. सीमेचा दगड हातभर अंतराने वाचला. आणि गाडी नाकाने कॅनडाच्या करगनाच्या कुंपणात हळूच टेकून थांबली. पुढची चाकं कॅनडात, मागची चाकं अमेरिकेत, आणि शेगडी बरोबर रेघेवर.

मास्तरांनी खिडकीवर थापा मारल्या. "आई! आई, लागलं का कुठे?"

खिडकी उघडली. बोर्गहिल्डबाई रागाने लाल झाल्या होत्या. "मास्तर, मी आता कुठे आहे?"

"आई, तुम्ही..." नेमकं उत्तर देण्याची सवय नडली. "तुम्ही कॅनडात आहात."

"म्हणजे? मी डकोटात वाढदिवस करायला आले आणि तुम्ही मला उचलून परत कॅनडात आणून ठेवलंत?" खिडकी धाडकन बंद झाली. आतून काठीचा आवाज पुढून मागे गेला. मग मागची खिडकी उघडली. "आता?"

"आता अमेरिका, आई."

"मग मी इथेच बसणार. मला इथून कुणी हलवायचं नाही."

दोघी बहिणींनी बरंच समजावलं. उपयोग झाला नाही. मार्लिस वैतागून म्हणाली, "लहानपणी आम्ही हट्ट केला की आम्हाला कोठारात बसवायचीस!" आतून उत्तर आलं, "आणि तुम्ही बसायचात. मीही बसलेय."

एव्हाना बागेच्या मुख्य बाई, बर्निस लव्हर्डूर, आपल्या छोट्या बागगाडीतून पोहोचल्या होत्या. त्यांनी चिरलेल्या ताटव्याकडे पाहिलं आणि एखाद्या नातेवाइकाचं प्रेत ओळखायला बोलावल्यासारखं तोंड केलं. पाठोपाठ दोन्ही चौक्यांवरून एकेक अधिकारी आला. इकडून डॅरिल, तिकडून तो मिशांचा. दोघांनी रेघेच्या दोन बाजूंना उभं राहून हस्तांदोलन केलं आणि चर्चा सुरू झाली.

ओढून काढणारी मोठी गाडी बोलवावी, असं कुणीतरी सुचवलं. लव्हर्डूरबाई कडाडल्या, "या हिरवळीवर आणखी एक चाक आलं तर मी त्याच्याखाली झोपेन! उद्या सकाळी इथे लग्न आहे. ज्या वाटेने आलं त्याच खुणांवरून परत जायचं. एक फूल जास्त मोडता कामा नये."

"पुढे काढली तर?" मास्तरांनी आशेने विचारलं. डेलमारचं तत्त्वज्ञान त्यांच्या मनात घुमत होतं.

मिशावाल्याने मान हलवली. "पुढे काढलीत तर अख्खी गाडी कॅनडात आली. मग बागेबाहेर पडताना मला तुमची रीतसर तपासणी करावी लागेल. आजीबाईंसकट."

"आणि मागे घेतली," डॅरिल म्हणाला, "तर सर, तुम्ही अमेरिकेतून गेलाच नाहीत. नुसते डोकावलात."

म्हणजे मागे. साऱ्या जगात ज्या एका दिशेला मास्तरांना जाता येत नव्हतं तीच.

ओरेस्ट पुढे आला. ओंडक्यांमुळे त्याचा आवाज आज पहिल्यांदाच लहान होता. "दे किल्ली. मी घेतो. चूक माझी आहे."

मास्तर किल्ली देणारच होते, तेवढ्यात मिशावाला खाकरला. "तुम्ही कॅनडाचे रहिवासी ना? ड्रायव्हरची खुर्ची आत्ता कॅनडात आहे आणि गाडी अमेरिकेची. आमच्या रहिवाशाने परदेशी गाडी आमच्या हद्दीत चालवली तर ती त्याने देशात आणल्यासारखं होतं. मला कागद करावे लागतील. खूप कागद."

ओरेस्टने हात मागे घेतला. मास्तरांनी आर्डिसकडे पाहिलं.

"मला येतं," आर्डिस म्हणाली. "पण मी चालवणार नाही. आजचा दिवस आयुष्यभर कुणाच्या नावावर राहणार आहे ते तू ठरव." मग जवळ येऊन तिने त्यांची कॉलर नीट केली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जमेल तुला. फक्त व्याख्यान देऊ नकोस."

मास्तर चढले. कुंपणाच्या फांद्यांतून चेहऱ्यावर कॅनडाचं ऊन पडलं होतं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे, आई."

"बरं. मी मागच्या खिडकीत बसलेय. चाकांच्या खुणा मला इथून दिसतात. सांगत जाईन."

मास्तरांनी इंजिन चालू केलं, आणि बाहेर एकच कल्लोळ उठला. डावीकडे! उजवीकडे! चाक सोड! चाक धर! ससकॅचवानचा शेतकरी दोन्ही हात पंख्यासारखे फिरवत होता. मिनेसोटाचं जोडपं एकमेकांच्या विरुद्ध दिशा दाखवत होतं. डॅरिल शिट्टी फुंकत होता. लव्हर्डूरबाई 'फुलं! फुलं!' करत होत्या. गाडी हातभर मागे आली आणि मागचं चाक शाबूत पेटुनियाच्या काठाशी टेकलं. सासूबाई आतून काहीतरी ओरडल्या, पण तो शब्द गोंधळात बुडाला.

तेव्हा मास्तरांच्या आत काहीतरी तुटलं. किंवा जुळलं म्हणा. त्यांनी इंजिन बंद केलं, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, आणि ज्या आवाजाने चाळीस वर्षं वर्ग हलवले होते त्या आवाजात गरजले:

"शांत बसा! सगळे! जागेवर!"

एकोणपन्नासाव्या अक्षवृत्तावर अशी शांतता याआधी कधी पसरली नसेल. ससकॅचवानच्या शेतकऱ्याचे हात वरच्या वर राहिले. डॅरिलने शिट्टी तोंडातून काढून पाठीमागे लपवली. मिशावाला मास्तरांकडे भूगोल कधी शिकला नव्हता, तरी तोही खाली बसला. कुत्री बसली. ओरेस्ट ह्रिंचुक गवतावर मांडी घालून, हाताची घडी घालून बसला.

"यापुढे फक्त एक माणूस बोलेल," मास्तर म्हणाले. "आई, बोला."

आणि सासूबाई बोलू लागल्या. उन्हाळ्यात बापाच्या शेतावर धान्याचा ट्रक चालवलेली ती बाई. आवाजात घाई नाही, एक शब्द जास्त नाही. "ये. ये. थोडं इकडे, शेगडीच्या बाजूला. बस्स. ये." मास्तर आरशात खुणा पाहत होते आणि कान मागे लावून बसले होते. 'उलट' काय आणि 'उलटच्या उलट' काय, हे सगळं त्यांनी डोक्यातून काढून टाकलं. चाक हळूच फिरलं, गाडी चिरलेल्या ताटव्याच्या त्याच चिरेतून मागे आली. एक चाक सुटलं, दुसरं सुटलं. हिरवळ लागली. चढ लागला, इंजिन धापा टाकू लागलं. "थांबू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "थांबलास की रुतलास. ये, ये, ये..."

मोटरहोम वर आलं. नुसतं वर आलं नाही. मागच्या मागे आपल्या जागेत शिरलं आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना समांतर, फूटपट्टीने आखल्यासारखं सरळ उभं राहिलं.

कुणी हललं नाही. मास्तरांनी बाहेर डोकावून पाहिलं. सगळे अजून परवानगीची वाट पाहत बसले होते.

"आता उठा," मास्तर म्हणाले.

मग जो ओरडा झाला तो दोन्ही देशांत ऐकू गेला. डॅरिलने टोपी हवेत फेकली. आर्डिसने सगळ्यांसमोर नवऱ्याचा मुका घेतला, जी गोष्ट तिने लग्नाच्या दिवशीही आवरतीच घेतली होती. ओरेस्टने शेकोटीसाठी ठेवलेला शेवटचा ओंडका धावत आणून चाकाखाली घातला आणि मास्तरांपुढे उभा राहून म्हणाला, "हिच्यापुढे माझा ट्रेलर म्हणजे खेळणं. आजपासून मी काही बोलणार नाही."

"बोलशील," मास्तर उदारपणे म्हणाले. "पण हात वर करून."

लव्हर्डूरबाईंनी ताटवा पुन्हा पाहिला. एकही नवं फूल मोडलं नव्हतं. जुनी मोडलेली मात्र मोडलेलीच होती. "उद्या पहाटे," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघे साडू गुडघ्यावर बसून नवी रोपं लावणार आहात. लग्नाआधी." दोघांनी एकदमच मान डोलावली. शिक्षा इतक्या आनंदाने स्वीकारलेली त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी, कारण मग त्या स्वतःच केकचा तुकडा घेऊन बसल्या.

जुलैतली संध्याकाळ तिथे फार लांब असते. जेवणं झाली तरी ऊन तसंच होतं. हॉटडिश संपलं, पिरोही संपली. मिशावाला आणि डॅरिल ड्यूटी संपवून परत आले होते आणि लेफ्सा कशाशी खायची यावर वाद घालत होते. बोर्गहिल्डबाई मात्र काठीवर हनुवटी टेकून बागेकडे बघत बसल्या होत्या.

"काय झालं आई?" मास्तरांनी विचारलं. "दमलात?"

"बाग बघायची राहिली की रे. पायी नाही जमणार मला."

मास्तरांनी लव्हर्डूरबाईंकडे पाहिलं. बाईंनी बोटावरचं क्रीम चाटलं. "बागेला चहूबाजूंनी रस्ता आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही अर्ध्यांतून जातो. डांबरी आहे. डांबरावरच राहायचं."

मग सगळे चढले. सासूबाई पुढे, मास्तरांच्या शेजारी. ह्या वेळी आर्डिसने त्यांच्या हाताशी एकही दांडा राहणार नाही अशी व्यवस्था केली. मागे बिछान्यावर मार्लिस आणि ओरेस्ट, टेबलाशी दोन्ही अधिकारी, मोरीपाशी नर्सबाई, दारात कुत्री. मास्तरांनी गाडी काढली. लव्हर्डूरबाई बागगाडीतून पुढे वाट दाखवत चालल्या होत्या.

गुलाब गेले, लिली गेल्या, कॅक्टसचं काचघर गेलं. सीमेचा दगड आला आणि मागे पडला. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझे वडील घोडागाडी जुंपून पलीकडच्या शेजाऱ्याकडे मीठ उसनं आणायला जायचे. मी मागे बसायचे, पाय खाली सोडून. कुणी विचारायचं नाही, कुठे चाललात म्हणून. शेजारी विचारायचा तो एवढंच, जेवलात का."

मागून डॅरिल म्हणाला, "मीही तेच विचारलं असतं, आजी, पण आमच्या पुस्तकात दुसरेच प्रश्न आहेत."

सगळे हसले. वाटेवरची माणसं थांबून हात करत होती. सासूबाई एखाद्या राणीसारख्या उलट हात करत होत्या, थोडासाच, मनगटातून. कॅनडाचा अर्धा संपला, दगड पुन्हा आला, डकोटा लागलं. मास्तरांनी फुलांच्या कमानीखालून गाडी सफाईने वळवली आणि मुक्कामाच्या वळणावर वेग कमी केला.

"थांबवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "अजून एक फेरी."